संघ वाढवले, जागा कोणाची वाढली?

(अभ्यासलेख)

मंडळाच्या अंकात बास्केटबॉलवर लेख बघून काही जण म्हणतील, हिला दुसरा विषय मिळाला नाही वाटतं. पण हा लेख जितका खेळावर आहे तितकाच एका शब्दावर आहे. तो शब्द म्हणजे 'संधी'. साहित्याची विद्यार्थिनी म्हणून मला शब्दांवर विश्वास ठेवायची सवय आहे, आणि या शब्दाने मला गेल्या हिवाळ्यात चांगलंच फसवलं.

आमच्या कॉलेजने भरवलेल्या मुलींच्या आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धेत दर वर्षी ८ संघ असायचे. गेल्या वेळी आम्ही १२ घेतले. मी दोन वर्षं कॉलेजच्या संघात खेळले, मग गुडघा दुखावला आणि स्कोअरच्या टेबलावर बसू लागले. त्यामुळे ड्रॉ काढायचं कामही माझ्याकडेच आलं. फलकावर आम्ही रंगीत खडूने लिहिलं, 'यंदा १२ संघ! अधिक संघांना संधी!' त्या ड्रॉमध्ये माझ्या हातून काय झालं ते शेवटी सांगते. स्पर्धा संपल्यावर मी गप्प गप्प आहे हे बघून जिमखान्याचे सर म्हणाले, "अमेरिकेतल्या कॉलेजांच्या स्पर्धेत २००१ साली काय झालं ते वाच. मग बोलू." ते वाचता वाचता मी मागे १९३९ पर्यंत गेले. जे सापडलं ते इथे क्रमाने मांडते.

१. ही स्पर्धा कोणती?

अमेरिकेत कॉलेजांच्या खेळांचा कारभार एनसीएए, म्हणजे नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन ही संस्था बघते. तिची पुरुषांची बास्केटबॉल अजिंक्यपद स्पर्धा दर वर्षी मार्चमध्ये सुरू होते आणि एप्रिलच्या सुरुवातीला संपते. तिकडे तिला 'मार्च मॅडनेस' म्हणतात. ही बाद पद्धतीची स्पर्धा आहे. एकदा हरलात की घरी.

पहिली स्पर्धा १९३९ साली झाली, ८ संघांची. इलिनॉय राज्यातल्या इव्हान्स्टन इथल्या अंतिम सामन्यात ऑरेगनने ओहायो स्टेटला ४६-३३ असं हरवलं. प्रशिक्षकांच्या संघटनेने ती भरवली होती आणि तिला सुमारे अडीच हजार डॉलरचा तोटा झाला. त्यानंतर एनसीएएने ती आपल्याकडे घेतली. आज तीच स्पर्धा दूरचित्रवाणीच्या हक्कांवर अब्जावधी डॉलर मिळवते. २०१० साली झालेला करार १४ वर्षांसाठी १०.८ अब्ज डॉलरचा होता.

संघांची संख्या अशी वाढत गेली: १९५१ मध्ये १६, १९५३ मध्ये २२, १९७५ मध्ये ३२, १९७९ मध्ये ४०, १९८० मध्ये ४८, १९८३ मध्ये ५२, १९८५ मध्ये ६४, २००१ मध्ये ६५ आणि २०११ मध्ये ६८. महिलांची स्पर्धा एनसीएएने फार उशिरा, १९८२ साली ३२ संघांनिशी सुरू केली. तिथे ६४ संघ व्हायला १९९४ उजाडलं, आणि पुरुषांच्या बरोबरीने ६८ व्हायला २०२२.

आणखी एक शब्द समजून घ्यायला हवा, 'कॉन्फरन्स'. इथे त्याचा अर्थ सभा नाही. काही कॉलेजांचा मिळून एक कायमचा गट असतो, ती कॉलेजं मोसमभर मुख्यतः आपापसांत खेळतात, त्या गटाला कॉन्फरन्स म्हणतात. काही कॉन्फरन्स श्रीमंत आणि नामांकित आहेत, बाकीच्या लहान. २०२५ च्या स्पर्धेत ३१ कॉन्फरन्सच्या विजेत्यांना थेट प्रवेश होता आणि उरलेल्या ३७ जागा निवड समितीने आपल्या विचाराने भरल्या. या दोन प्रकारच्या जागा लक्षात ठेवा: विजेत्याची जागा आणि निवडीची जागा. पुढचं सगळं भांडण या दोन जागांमधलं आहे.

२. थोडं गणित

गणिताला घाबरून पान उलटू नका, मीही आर्ट्सचीच आहे.

बाद पद्धतीत प्रत्येक सामना एकाच संघाला घरी पाठवतो. शेवटी एक संघ उरायला हवा. म्हणून संघ जितके, त्याहून सामने एकने कमी. ६८ संघ, ६७ सामने.

दुसरी गोष्ट. ८, १६, ३२, ६४ हे आकडे दर फेरीला बरोबर निम्मे होत जातात, कोणालाही बसून राहावं लागत नाही. मधलाच आकडा घेतला की गाडी अडते. मग आधी एक प्राथमिक फेरी घेऊन जास्तीचे संघ कमी करावे लागतात. ६८ चे ६४ करायचे तर ४ सामने, म्हणजे ८ संघ प्राथमिक फेरीत आणि ६० थेट आत. ७६ संघ घेतले तर १२ सामने, २४ संघ प्राथमिक फेरीत आणि ५२ थेट.

आता बघा, आठ जागा वाढवल्या म्हणून प्राथमिक फेरी खेळणारे ८ चे २४ झाले. म्हणजे नव्याने आलेले आठच तिथे खेळणार असं नाही. जे आधी थेट आत होते त्यांतलेही आठ जण बाहेरच्या ओसरीवर येणार. जागा वाढवताना कोणाला तरी एक पायरी खाली उतरावं लागतं. ते कोण, हे आकडा सांगत नाही. ते माणसं ठरवतात.

३. १९७५: जेव्हा दार खरंच उघडलं

सुरुवातीची बरीच वर्षं एका कॉन्फरन्समधून एकच संघ घ्यायचा असा नियम होता. दिसायला न्याय्य. पण १९७१ मध्ये सदर्न कॅलिफोर्नियाचा संघ २६ पैकी २४ सामने जिंकूनही बाहेर राहिला, कारण हरलेले दोन्ही सामने आपल्याच कॉन्फरन्समधल्या यूसीएलएविरुद्ध होते.

मार्च १९७४ मध्ये तर हद्द झाली. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलिना स्टेटने मेरीलँडला जादा वेळेत १०३-१०० असं हरवलं. दोन्ही संघ देशातल्या सर्वांत चांगल्या संघांत मोडत होते. जिंकलेला संघ पुढे राष्ट्रीय विजेता झाला. तीन गुणांनी हरलेल्या मेरीलँडला मात्र स्पर्धेत पाऊलही टाकता आलं नाही.

पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, स्पर्धा ३२ संघांची झाली आणि एका कॉन्फरन्समधून दुसरा संघ यायला परवानगी मिळाली. १९८० पासून तर किती संघ यावेत यावरची मर्यादाच काढली. मला हा विस्तार प्रामाणिक वाटतो. आधी एक अन्याय डोळ्यांना दिसला आणि मग त्याच्या मापाने दार रुंद केलं.

४. १९८५: चौसष्टांतला आठवा

१९८५ मध्ये पहिल्यांदा ६४ संघ झाले. चार विभाग, प्रत्येकात १६ संघ, १ ते १६ मानांकन. त्या वर्षी उपांत्य फेरीत पोचलेल्या चार संघांपैकी तीन कॅथलिक विद्यापीठांचे होते: ऑगस्टिनियन धर्मगुरूंचं व्हिलानोव्हा, जेझुइटांचं जॉर्जटाउन आणि व्हिन्सेन्शियनांचं सेंट जॉन्स. घरी हे वाचून दाखवल्यावर आजीने विचारलं, "चवथा कोण गं?" चौथा मेम्फिस स्टेट.

हे तिन्ही एकाच कॉन्फरन्सचे, बिग ईस्टचे. तिचा विजेता होता जॉर्जटाउन. १९७४ चा नियम असता तर जॉर्जटाउन तेवढा आला असता आणि बाकी दोघं घरी बसून सामने बघत राहिले असते. प्रत्यक्षात आपल्या विभागात आठवं मानांकन असलेल्या व्हिलानोव्हाने अंतिम सामन्यात त्याच जॉर्जटाउनला ६६-६४ असं हरवलं. बास्केटच्या दिशेने २८ प्रयत्न केले, त्यांतले २२ यशस्वी. इतक्या खालच्या मानांकनाचा संघ त्यानंतर आजवर विजेता झालेला नाही.

म्हणून 'संघ वाढवले की दर्जा घसरतो' हे वाक्य मी सरसकट मान्य करत नाही.

५. २००१: पासष्टावा संघ

आता सरांनी सांगितलेली गोष्ट.

माउंटन वेस्ट नावाची नवी कॉन्फरन्स तयार झाली होती आणि २००१ पासून तिच्या विजेत्याला थेट प्रवेश मिळणार होता. म्हणजे विजेत्यांच्या जागा झाल्या ३१. निवडीच्या जागा होत्या ३४. बेरीज ६५. जागा ६४.

सरळ उपाय होता, निवडीच्या जागा ३३ करायच्या. पण त्या जागा बहुतेक करून मोठ्या कॉन्फरन्सच्या दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या क्रमांकाच्या संघांना जातात. त्यातली एकही सोडायची तयारी नव्हती. मग असं ठरलं की ६५ संघ घ्यायचे, आणि ज्यांचं मानांकन सर्वांत खाली आहे अशा दोन संघांनी आधी एक सामना खेळायचा. हे दोघे कोण? दोन लहान कॉन्फरन्सचे विजेते. डेटन शहरात नॉर्थवेस्टर्न स्टेटने विन्थ्रॉपला ७१-६७ असं हरवलं. आपली कॉन्फरन्स जिंकून आलेला विन्थ्रॉप खरी स्पर्धा सुरू व्हायच्या आधी परत गेला.

कागदावर संघ ६४ चे ६५ झाले. 'स्पर्धेचा विस्तार झाला' असंच म्हणणार ना आपण? पण नव्या पाहुण्यासाठी सरकायला लागलं ते पाटाच्या शेवटच्या टोकाला बसलेल्यांना. मध्यभागी बसलेले हललेही नाहीत.

दुसरी बाजूही सांगायला हवी. या स्पर्धेत संघ जितके सामने खेळतो त्या हिशेबाने त्याच्या कॉन्फरन्सला पुढची सहा वर्षं पैशाचा वाटा मिळतो, आणि डेटनचा सामनाही त्यात धरतात. लहान संघाला चौसष्टांत गेल्यावर पहिलीच गाठ बलाढ्य संघाशी असते. त्यापेक्षा डेटनला बरोबरीच्या संघाशी खेळून एक विजय मिळवणं पैशाच्या दृष्टीने फायद्याचंही ठरतं. म्हणजे पैशाचा हिशेब आणि मानाचा हिशेब इथे वेगवेगळे लागतात.

६. २०११: अर्धं अर्धं

२०१० मध्ये एकदम ९६ संघ करण्याचा विचार झाला होता. शेवटी ६८ वर थांबले. पण या वेळी वाटणी जरा शहाणपणाने केली. प्राथमिक फेरीच्या चार सामन्यांपैकी दोन सर्वांत खालच्या मानांकनाच्या चार विजेत्यांमध्ये, आणि दोन निवड समितीने शेवटी निवडलेल्या चार संघांमध्ये. ओझं दोघांनी उचललं.

पहिल्याच वर्षी निवडीच्या जागेवर आलेल्या व्हर्जिनिया कॉमनवेल्थ या संघाला का घेतलं म्हणून टीव्हीवर टीका झाली. त्याने डेटनला सदर्न कॅलिफोर्नियाला हरवलं, मग जॉर्जटाउन, पर्ड्यू, फ्लोरिडा स्टेट आणि कॅन्ससलाही हरवून थेट उपांत्य फेरी गाठली. ६५ चे ६८ झाले नसते तर हा संघ बहुधा आलाच नसता.

आणि लहान विजेत्यांचं काय? १९८५ पासून सोळावं मानांकन असलेले संघ पहिल्या मानांकनाच्या संघांकडून सलग १३५ वेळा हरले होते. २०१८ मध्ये यूएमबीसी या संघाने व्हर्जिनियाला ७४-५४ असं हरवून ती साखळी तोडली. २०२३ मध्ये फेअरली डिकिन्सनने डेटनची प्राथमिक फेरी जिंकून पर्ड्यूला ६३-५८ असं हरवलं. त्याच्या आदल्या वर्षी, २०२२ मध्ये, जर्सी सिटीतल्या सेंट पीटर्स या लहानशा जेझुइट विद्यापीठाने पंधराव्या मानांकनावरून केंटकीला हरवलं आणि शेवटच्या आठांत मजल मारली. पंधराव्या मानांकनाचा संघ तिथवर कधीच पोचला नव्हता.

अशा संघांना तिकडचे लेखक 'सिंड्रेला' म्हणतात. उपमा सुंदर आहे, पण मला थोडी खटकते. गोष्टीतली सिंड्रेला जादूने राजवाड्यात जाते. सेंट पीटर्सच्या मुलांना कोणी परी भेटली नव्हती. ते आपली कॉन्फरन्स जिंकले होते आणि विजेत्याला जागा द्यायचीच असा नियम होता. तो नियम नसता तर कुठल्याही समितीने त्यांना केंटकीसमोर उभं केलं नसतं. जादू नियमात होती.

७. आताचा प्रश्न

गेली काही वर्षं ६८ चे ७२ किंवा ७६ करावेत अशी चर्चा चालली. २०२६ ची स्पर्धा ६८ चीच राहील, असं ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झालं. पण चर्चा मिटली नाही.

वाढवा म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा की पहिल्या श्रेणीत आज सुमारे ३६० संघ आहेत, त्यांत ६८ म्हणजे पाचात एकही नाही. मुलं चार वर्षं घाम गाळतात, थोड्या जास्त मुलांना हा अनुभव मिळाला तर बिघडलं कुठे? हा मुद्दा मी टाकून देत नाही.

पण मग विचारायला हवं की नव्या जागांवर कोण बसणार? विजेत्यांच्या जागा तर आधीच भरल्यात, वाढणार त्या निवडीच्या. २०२५ मध्ये एकट्या साउथईस्टर्न कॉन्फरन्समधले १६ पैकी १४ संघ स्पर्धेत होते. जागा वाढल्या तर काठावरच्या संघांत अशाच मोठ्या कॉन्फरन्सचे संघ जास्त असण्याची शक्यता आहे. आणि प्राथमिक फेरीत उतरणाऱ्या २४ मध्ये लहान विजेते किती असतील? १९७५ चा विस्तार मेरीलँडसारख्या संघासाठी होता. हा कोणत्या संघासाठी आहे, त्याचं नाव घेऊन सांगता येतं का? तेवढं सांगता आलं तर माझी हरकत नाही.

८. माझा ड्रॉ

आता कबुली.

आमच्या आधीच्या ८ संघांत ४ शहरातल्या कॉलेजांचे असायचे (आम्ही धरून) आणि ४ तालुक्याच्या कॉलेजांचे. १२ करायचे ठरल्यावर नव्या चार जागांपैकी तीन शहरातल्याच कॉलेजांच्या ब संघांना गेल्या. कारण त्यांनी अर्ज लगेच भरले. एक जागा नव्या कॉलेजला मिळाली.

१२ चे ८ करायला ४ प्राथमिक सामने, ८ संघ. शहरातले चार अ संघ मी थेट आत टाकले. तालुक्याचे चार, तीन ब संघ आणि नवं कॉलेज प्राथमिक फेरीत. मला कोणी असं सांगितलं नव्हतं. मला ते 'साहजिक' वाटलं. सामने सकाळी ८ ला ठेवले, कारण मैदान तेव्हा मोकळं होतं. तालुक्याच्या मुलींना त्यासाठी पहाटेची पहिली बस धरावी लागली हे मला त्या येऊन पोचल्यावर कळलं.

निकाल लागला. तालुक्याचे दोन संघ ब संघांकडून हरले, त्यातला एक तीन गुणांनी. म्हणजे संघ ८ चे १२ झाले आणि शेवटच्या आठांत तालुक्याचे संघ चाराचे दोन झाले. फलक अजून भिंतीला टेकून होता.

तीन गुणांनी हरलेल्या संघाची कॅप्टन स्कोअरशीटवर सही करायला टेबलापाशी आली. सही केली, पेन परत दिलं आणि म्हणाली, "अक्का, गेल्या साली आम्ही डायरेक्ट आठात होतो की."

ती चिडली नव्हती. मी काहीतरी गडबड झालीय का म्हणून कागद चाळल्यासारखं केलं. गडबड काहीच नव्हती, ड्रॉ बरोबर होता. बाराच्या आधी त्या मुली परतीच्या बसमध्ये बसल्या.

सरांना मी आता एक कागद दिला आहे. ब संघ हवे असतील तर ठेवा, पण १२ संघांचे तीन-तीनचे चार गट करा. प्रत्येक गटात ३ सामने, एकूण १२. गटविजेत्यांचे दोन उपांत्य आणि एक अंतिम धरून १५. बाद पद्धतीत ११ होतात, म्हणजे चारच सामने जास्त. पण लांबून आलेला प्रत्येक संघ निदान दोनदा खेळेल. तालुक्याच्या संघांचे सामने ११ नंतर. सर म्हणाले, "पंचांच्या मानधनाचं बघावं लागेल." बघताहेत.

चर्चेसाठी

मंडळाच्या पुढच्या बैठकीत या प्रश्नांवर बोलूया:

१. आपली काव्यवाचन स्पर्धा १५ ऐवजी २५ जणांची करायची असं घाटतं आहे. वाढलेल्या दहा जागा कोणाला मिळाव्यात, हे आधी ठरवायचं की अर्ज आल्यावर?

२. ९ संघांची बाद स्पर्धा असेल तर प्राथमिक फेरीत किती संघ खेळतील? ते तुम्ही कसे ठरवाल? दोन्ही उत्तरं लिहून आणा. पहिल्याला एक मिनिट लागेल.

३. 'संधी देणं' आणि 'जागा देणं' या दोन शब्दप्रयोगांत तुम्हाला काय फरक वाटतो? आपल्या आसपासच्या एका उदाहरणासह सांगा.